देव न मानणाऱ्याचा शब्द



कुर्डुवाडीच्या फलाटावर ज्यांनी आषाढीचे दिवस पाहिले आहेत, त्यांना मी कुठल्या गर्दीविषयी बोलतो आहे हे सांगायला नको. मुंबईकडून येणारा मोठा लोहमार्ग १८६० साली सोलापूरला पोचला. त्यावरच्या आपल्या स्थानकाला फार काळ 'बार्शी रोड' म्हणत. मोठी पेठ ती बार्शी, आणि आपण तिकडे वळण्याचा नाका. १८९७ साली इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली आणि १९०६ साली तिचा फाटा पंढरपूरला जाऊन भिडला. तेव्हापासून कित्येक पिढ्या वारकऱ्यांनी इथे मोठ्या गाडीतून उतरून, गाठोडे डोक्यावर घेऊन, छोट्या गाडीत जागा मिळवण्यासाठी धडपड केली. आता ते अरुंद रूळ गेले, गाडी बदलण्याचा खटाटोपही बराचसा गेला. पण माझ्या लहानपणी तो होता, आणि त्याच गर्दीतली एक गोष्ट सांगून मला आजच्या विषयाला हात घालायचा आहे.

आमच्या शेजारी एक फिटर राहत. कामाला रेल्वेच्या कारखान्यात. माणूस शांत, पण देव मानत नसत, आणि ही गोष्ट सगळ्या आळीला ठाऊक होती. एके वर्षी दशमीच्या सकाळी ते कामावर निघाले असता फलाटावर एका म्हाताऱ्या वारकरीणबाईने आपले गाठोडे त्यांच्यापुढे ठेवले. "माऊली, एवढं बघा हं, पाणी घेऊन येते," म्हणाली आणि नळाकडे गेली. नळावर ही झुंबड! बाई काही लवकर येईना. कारखान्याचा भोंगा झाला. हे आपले गाठोड्यापाशी उभे. बाई आली तेव्हा तासाभराची हजेरी बुडाली होती. संध्याकाळी ही हकीकत कळल्यावर माझी आई त्यांना म्हणाली, "भावजी, तुम्ही तर देव मानत नाही. मग कशाला थांबलात?" ते म्हणाले, "वहिनी, बाईनं सांगितलं होतं ना, बघा म्हणून."

माझ्या आईचे या उत्तराने समाधान झाले नाही. तिचा प्रश्न साधा होता, आणि तो जगभर विचारला गेला आहे. वर बघणारा कुणी नाही, पाप-पुण्याचा हिशेब कुणी ठेवत नाही, असे ज्याला वाटते, त्याने दिलेला शब्द का पाळावा? आणि आपण तरी त्याच्या शब्दावर का विसंबावे?

आपल्याकडे या शंकेचे वय फार मोठे आहे. 'नास्तिक' हा शब्द पाणिनीच्या व्याकरणात सापडतो. परलोक नाही असे ज्याचे मत तो नास्तिक, असा त्याचा अर्थ तिथे लावतात. पुढे मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवले. म्हणजे देव आहे की नाही, हा प्रश्न या शब्दात मुळात नव्हताच! बौद्ध आणि जैन जगाचा कर्ता मानत नाहीत. सांख्यांचे आणि मीमांसकांचेही त्यावाचून अडले नाही. खरी बदनामी झाली ती चार्वाकांची. त्यांचे म्हणणे आपल्याला बहुतेक त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळते, आणि विरोधकांनी त्यांच्या नावावर कोणती गोष्ट चिकटवली? तर कर्ज काढावे आणि तूप प्यावे. देह एकदा जळला की परत येतो कोण? यातली मेख पाहा. देव न मानणारा माणूस चैनी आहे, एवढ्यावर आरोप थांबत नाही. तो घेतलेले पैसे परत करणार नाही, असे सुचवले आहे. शेजारधर्मात याहून वाईट शेरा नाही. चार्वाक खरोखर असे म्हणाले होते काय, हे त्यांचेच ग्रंथ हाती नसताना कोण सांगणार? पण शेरा मात्र हजार वर्षे टिकला.

सरकारदरबारीही हीच अडचण होती. साक्षीदार खरे बोलेल याची हमी काय? पूर्वी इंग्रजी अमलात हिंदू साक्षीदाराच्या हाती गंगाजल देत आणि मुसलमानाच्या हाती कुराण. १८४० साली कायदा झाला आणि त्याऐवजी गंभीरपणे प्रतिज्ञा करण्याची रीत आली. म्हणजे आपल्या इथला हा बदल पुष्कळ जुना आहे. गंमत अशी की खुद्द इंग्लंडात याच प्रश्नावरून केवढे रणकंदन माजले! चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचे नामांकित नास्तिक १८८० साली नॉर्दम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आले. देवाच्या शपथेऐवजी मी नुसती प्रतिज्ञा करतो, असे ते म्हणाले. सभागृह मानेना. मग शपथही घेतो म्हणाले, तर तुमच्या तोंडी शपथ शोभत नाही म्हणून तीही घेऊ देईनात! एक रात्र तर त्यांना पार्लमेंटच्या मनोऱ्यात कोंडून ठेवले होते. मतदारांनी त्यांना पुनःपुन्हा निवडून दिले, तेव्हा कुठे १८८६ साली त्यांना जागेवर बसता आले. आणि १८८८ साली त्यांच्याच खटपटीने प्रतिज्ञेला मुभा देणारा कायदा झाला. पुढल्याच वर्षी, १८८९ च्या डिसेंबरात, हे गृहस्थ राष्ट्रसभेच्या अधिवेशनासाठी मुंबईला आले होते. हिंदुस्थानची बाजू पार्लमेंटात मांडणारा माणूस म्हणून लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. स्वागत करणाऱ्यांत देवभक्तच अधिक असणार, यात मला तरी शंका वाटत नाही.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही एक माणूस हाच प्रश्न अंगावर घेऊन उभा होता. गोपाळ गणेश आगरकर हे नाव शिक्षकबंधूंना नवे नाही. पाठ्यपुस्तकातला 'थोर समाजसुधारक' एवढ्यावर आपण त्यांना पुष्कळदा आटोपतो, म्हणून थोडे सविस्तर बोलतो.

आगरकरांचा जन्म १८५६ सालचा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरी दारिद्र्य पुरेपूर. कऱ्हाडला आजोळी राहून शिकले, शिक्षण थांबले तेव्हा कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरकी केली, शिकण्यासाठी रत्नागिरी गाठली, पुढे नातेवाइकांच्या आधाराने अकोल्याला गेले. पुण्याला डेक्कन कॉलेजात असताना अंगात एकच सदरा. तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, अशी त्यांची कथा सांगतात. अशा मुलाने एम. ए. व्हावे आणि मोठ्या पगाराची सरकारी नोकरी धरून आईचे पांग फेडावेत, हीच कुणाही माउलीची आशा. त्यांनी आईला पत्र लिहून कळवले की, मुलगा मोठी परीक्षा देतो आहे, आता तो पुष्कळ पैसा आणील, असे मनात आणू नकोस. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी सारा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे.

आता आपण आईच्या बाजूने विचार करू. हे पत्र वाचून तिला काय वाटले असेल? मुलगा देवासाठी जोगी झाला असता तरी तिने रडून का होईना समजून घेतले असते. तसा आपल्याकडे शिरस्ता आहे. पण परलोकाची आशा नाही, स्वर्ग नाही, मोक्ष नाही, आणि तरीही हा मुलगा घरचे सुख नाकारतो आहे! कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आगरकरांनी पुढची १५ वर्षे दिले.

टिळक आणि आगरकर यांची मैत्री डेक्कन कॉलेजातली. न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या आरंभी निघाले, 'केसरी' १८८१ साली निघाला, आणि 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे अशा बातम्या त्यांनी आणि टिळकांनी छापल्या, त्यावरून दिवाण बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांवर भिस्त ठेवली होती ती बनावट निघाली. चूक उघड झाल्यावर दोघांनी माफी मागितली. तरीही शिक्षा झाली आणि ती त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात भोगली. १०१ दिवस! तुरुंगात या दोघांचे धर्मावरून आणि समाजसुधारणेवरून वाद होत, आणि ते इतके रंगत की आवाज चढले म्हणून पहारेकऱ्याला येऊन दटावावे लागे. एक ईश्वरनिष्ठ, एक नाही. पण छापलेल्या शब्दाची जबाबदारी घेताना दोघांच्या वागण्यात काही फरक दिसतो का? मला तरी दिसत नाही.

पुढे दोघांचे पटेना. आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात स्वतःचे 'सुधारक' पत्र काढले. त्याच्या इंग्रजी भागासाठी गोपाळ कृष्ण गोखले साथीला होते. बालविवाह, विधवांचे केशवपन, अस्पृश्यता, प्रेतसंस्कार, बायकांचा पोशाख अशा एकेक विषयावर त्यांनी लिहिले. लोक चिडले ते ओघानेच. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली, आणि ती त्यांच्या घरावरून नेली. घरात बायकामुले होती.

त्यांचे ईश्वराविषयीचे मत नेमके काय होते? मिल्ल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांचा त्यांच्यावर मोठा पगडा होता. विश्वाच्या मुळाशी काय आहे ते माणसाच्या बुद्धीला कळण्यासारखे नाही, आणि जे कळत नाही त्याच्या नावाने कुणावर जुलूम करू नये, असा त्यांचा रोख दिसतो. म्हणून कुणी त्यांना नास्तिक म्हणतात, कुणी अज्ञेयवादी. गावच्या पारावर या दोहोंत फरक करीत बसण्याचे कारण नाही. महत्त्वाचे ते पुढेच आहे. देवाच्या कल्पना कशा उत्पन्न झाल्या याचा त्यांनी शोध घेतला, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. नीती कुठून येते, हा त्यांचा खरा जिव्हाळ्याचा प्रश्न. माणसे एकत्र राहतात, एकमेकांवाचून त्यांचे चालत नाही. तेव्हा ज्याने पुष्कळांचे सुख वाढते आणि दुःख घटते ते चांगले. हे ठरवायला बुद्धी लागते आणि आचरायला धैर्य लागते, अशी त्यांची मांडणी.

तुम्ही म्हणाल, हे पुस्तकी झाले. बरे, आपल्या घरातले उदाहरण घेऊ. समजा, उद्या कुणी बिनतोड पुराव्याने दाखवून दिले की देव नाही. तर परवा सकाळी आई मुलाला जवळ घ्यायचे सोडील काय? विहिरीत पडलेल्याला काढायला धावणारा गडी काठावरून मागे फिरेल काय? आणि याची दुसरी बाजूही खरी. देव आहे असे पटलेले किती सावकार खोटे कागद करीत होते! दारावर गणपती आणि आत खोटे वजन, हे बाजारात आपण पाहिलेले आहे. श्रद्धेने माणूस आपोआप सज्जन होत नाही. पण म्हणून अश्रद्धेने होतो असेही नाही, हे नास्तिकांनी कबूल केले पाहिजे. देवधर्म मोडून काढायला निघालेल्या राजवटींनी विसाव्या शतकात देवळे, चर्चे, मशिदी पाडल्या आणि माणसेही मारली. त्यांच्याही अंगी मिल्ल-स्पेन्सरांचे शहाणपण आले नाही.

मी स्वतः कुठल्या बाजूचा, हे लपवून बोलणे बरे नव्हे. शेजारच्या त्या फिटरकाकांच्या संगतीने म्हणा, आगरकर वाचून म्हणा, तरुणपणीच माझा देवावरचा विश्वास गेला. शाळामास्तर होतो, वर्गात त्याची दवंडी कधी पिटली नाही. विचारले तर खोटेही बोललो नाही. आई पक्की माळकरी. तिला मी म्हातारपणी शब्द दिला होता की, तुझे पाय चालेनासे झाले तर तुझी आषाढी मी चुकू देणार नाही. पुढे पाच वर्षे छोट्या गाडीने तिला पंढरपूरला नेली, खांद्याला धरून दर्शनबारीत उभी केली. तिच्या चपला माझ्या हातात. एकदा ती म्हणाली, "तुला आत यायचं नसंल तर नको येऊ बाबा, मी जाईन कुणाच्या तरी आधारानं." मी आत गेलो. आगरकरांच्या कडक नजरेतून हे ढोंग ठरले असते काय? याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण त्यांच्या पत्नी यशोदाबाई सश्रद्ध होत्या आणि त्यांच्या व्रतांना आगरकरांनी आडकाठी केली नाही, असे सांगतात. जो माणूस भर पुण्यात रूढींवर आसूड ओढत होता, तो घरात बायकोच्या देवघरावर हात उगारत नव्हता. हे वाचले तेव्हा मला बरे वाटले, हे कबूल करतो.

उलट, वितंडाने काय साधते तेही ऐका. ब्रॅडलॉ १८९१ साली वारले तेव्हा गांधीजी लंडनला शिकत होते, आणि अंत्यविधीला ते गेले होते. परतताना स्टेशनवर गाडीची वाट पाहत असता एका नास्तिकाने एका पाद्रीबुवांना गाठले. तुमचा देव केवढा, आणि तो आहे तरी कुठे, असे टोचून विचारू लागला. पाद्रीबुवा शांतपणे म्हणाले, तो आपल्या दोघांच्याही अंतःकरणात आहे. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की, या संवादाने नास्तिकतेविषयीचा त्यांचा दुरावा वाढलाच. फलाटावरच्या थट्टेने एक माणूस गमावला, आणि तोही कोण!

पण ब्रॅडलॉविषयीचा आदर गांधीजींनी सोडला नाही. पुढे ते म्हणाले की, हा मनुष्य स्वतःला नास्तिक म्हणवी, तरी मी त्याला देवाला भिणाराच समजतो. या प्रशस्तिपत्राने खुद्द ब्रॅडलॉ खूश झाले असते की चिडले असते? माझा अंदाज दुसरा आहे. तरीही गांधीजींच्या मनात काहीतरी हलत होते. देव म्हणजे सत्य, असे आधी म्हणणारे गांधीजी पुढे सत्य म्हणजे देव, असे म्हणू लागले, आणि देव नाकारणाराही सत्य नाकारत नाही, हे त्यामागचे एक कारण त्यांनीच दिले. आंध्रातले निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, त्यांच्याशी चर्चा करायला सेवाग्रामला येत. गोरांनी आपल्या मुलीचा विवाह हरिजन मुलाशी ठरवला. तो सेवाग्राम आश्रमात व्हावा असे गांधीजींच्या मनात होते, आणि विवाहविधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचे नाव घेण्याला त्यांनी मान्यता दिली. १९४८ च्या मार्चमध्ये तो विवाह झाला तेव्हा गांधीजी हयात नव्हते. आपल्या वर्ध्याजवळची ही गोष्ट आहे, तरी फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या तिसऱ्या परिशिष्टात मंत्र्याने, आमदाराने, न्यायाधीशाने घ्यावयाची शपथ दिली आहे, आणि तिथे दोन वाटा शेजारी शेजारी छापल्या आहेत: ईश्वराला साक्ष ठेवून शपथ, किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा. ज्याने त्याने आपली निवडावी. पद तेच, जबाबदारी तीच. साक्षीदारालाही तीच मुभा आहे. १९६९ च्या शपथ कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. ज्या गोष्टीसाठी ब्रॅडलॉंना सहा वर्षे झगडावे लागले, ती आपल्याला पहिल्या दिवसापासून मिळाली. शिक्षकबंधूंनी नागरिकशास्त्राच्या तासाला ते परिशिष्ट मुलांना जरूर उघडून दाखवावे.

आता राहिला शेवटचा प्रश्न, आणि माझ्या आईला तोच सर्वांत जड वाटे. "मेल्यावर काहीच नाही म्हणतोस, मग एवढी यातायात कशापायी?" मी तिला भगतसिंगांचे सांगितले होते. १९३० साली लाहोरच्या तुरुंगात त्यांनी आपण नास्तिक का, यावर निबंध लिहिला. गळ्यात दोर पडला की तो आपला अखेरचा क्षण, त्यापुढे काही नाही, हे त्यांनी त्यात निखळ लिहून ठेवले आहे. २३ मार्च १९३१ ला फासावर गेले, आणि त्यांच्याबरोबर आपल्या खेडचे राजगुरू. आई ऐकून गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याला देवानं नेलं असंल बघ, त्याला ठाऊक नसंल." यावर मी काय बोलणार?

आगरकरांना दम्याने लहान वयातच गाठले होते. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, तेव्हाच प्रकृती पार खालावली होती. आपल्याला फार दिवस नाहीत हे ओळखून हा माणूस लिहीत होता, शिकवीत होता, आणि पगार म्हणाल तर आईला कळवले होते तेवढ्यातलाच. १७ जून १८९५ ला ते गेले. वयाची चाळिशीही गाठली नव्हती. टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. लिहिताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, असे सांगतात. आणखीही एक गोष्ट सांगतात. आगरकरांच्या मागे घरात एक पुडी सापडली. तीत थोडे पैसे बांधून ठेवले होते, आपल्या दहनाचा खर्च कुणावर पडू नये म्हणून.